दत्त, गुरू

(९ जुलै १९२५–१० ऑक्टोबर १९६४). हिंदी चित्रपट दिग्दर्शक, निर्माते व अभिनेते. मूळ नाव वसंतकुमार शिवशंकर पदुकोण. जन्म बंगळूरचा, उमेदवारी पुण्याच्या ‘प्रभात’ चित्रपटसंस्थेत.

‘बाजी’ चित्रपटाच्या (१९५१) वेळी गायिका गीता रॉय यांच्याशी ओळख झाली; १९५३ मध्ये विवाह. पत्नीला नायिका करून त्यांनी ‘गौरी’ हा बंगाली चित्रपट सुरू केला खरा, पण तो अर्धवटच राहिला. अभिनेत्री वहिदा रेहमान यांच्याशी नाव जोडले गेल्यावर संसार विस्कटला. त्यातच भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट ‘कागज के फूल’ (१९५९) साफ आपटला. पुढे मुंबईतल्या पाली हिलचा राहता बंगलाही त्यांनी पाडून टाकला.

अखेरच्या रात्री पेडर रोडच्या घरी ते पटकथाकार अब्रार अल्वींबरोबर ‘बहारें फिर भी आयेंगी’तल्या एका मृत्युदृश्यावर काम करत होते. सकाळी ते मृतावस्थेत आढळले. मद्य आणि झोपेच्या गोळ्या, एवढे कारण निर्विवाद. आधी आत्महत्येचे प्रयत्न झाल्याने अनेकांनी हीही आत्महत्याच मानली. मुलगा अरुण मात्र अपघात म्हणत राहिला, कारण दुसऱ्या दिवशीच्या कामाच्या भेटी ठरलेल्या होत्या. हा मुद्दा सहज झटकण्याजोगा नाही. अपूर्ण राहिलेला ‘बहारें फिर भी आयेंगी’ धर्मेंद्रना घेऊन १९६६ मध्ये आला; गीता दत्त १९७२ मध्ये, ४१ व्या वर्षी, यकृताच्या विकाराने गेल्या.