मेण्यापासून सेडानपर्यंत

'सेडान' हा शब्द हल्ली आमच्या तासगावातही सर्रास ऐकू येतो. बेदाण्याच्या सौद्याला आलेली मंडळी चहा पिता पिता डिकी, मायलेज, सनरूफ असल्या गोष्टी बोलत असतात. मला शब्दांच्या मागे जायची जुनी खोड आहे (नोकरी संपली तरी मास्तरकी संपत नाही), म्हणून या शब्दाच्याही मागे गेलो. तर मंडळी, सेडान म्हणजे मुळात मोटार नव्हेच. ती होती दोन माणसांनी दांड्यावर उचलून न्यायची बंद खुर्ची. 1634 साली लंडनमध्ये सर सँडर्स डन्कम नावाच्या गृहस्थाला अशा खुर्च्या भाड्याने देण्याचा परवाना मिळाला, आणि पुढे शे-दीडशे वर्षं तिथले धनिक चिखल टाळून त्यातून हिंडले. अमेरिकेत मोटारींना छप्पर आणि बंद दारं आली तेव्हा, म्हणजे 1912 च्या सुमारास, तेच नाव मोटारीला चिकटलं. आपल्याकडे या वस्तूला नाव होतं मेणा. उघडी ती पालखी, बंद तो मेणा.

आपल्याकडे मात्र पालखी कुणालाही घेऊन चालत नसे. पेशवाईत पालखीत बसण्याचा मान सरकारातून मिळायचा, तसाच अबदागिरीचाही. आता गंमत बघा. नुसती पालखी मिळून काय उपयोग? ती उचलायला भोई लागतात, त्यांना रोज पोटाला लागतं. म्हणून मानाबरोबर 'पालखीची नेमणूक' मिळायची, म्हणजे ती बाळगायच्या खर्चाची रक्कम. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या या गावात राहून मला नेहमी वाटतं, की वाहनाचा खरा खर्च ते घेण्यात नसून ते पोसण्यात असतो, हे त्या काळच्या फडणिशीला आजच्या कर्ज देणाऱ्या बँकांपेक्षा जास्त कळत होतं. पालखीचे गोंडे, रेशमी गाद्या, वरचं छत या आजच्या भाषेतल्या 'ऑप्शनल' गोष्टी. भोई मात्र ऑप्शनल नव्हते.

मोटारी आल्या तेव्हा पहिली काही वर्षं हाच प्रकार चालला. रोल्स रॉइससारख्या कंपन्या दुसऱ्या महायुद्धापर्यंत फक्त सांगाडा आणि इंजिन विकायच्या. वरचं शरीर गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायचं. जर्मनीची मेबॅकही तशीच. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा बघायला माणसांची झुंबड उडते, मीही त्या गर्दीत उभा राहिलो आहे. ती गाडी म्हणजे सोयीसुविधांच्या यादीवर खुणा करून घेतलेली वस्तू नव्हे. त्या काळी यादीच नव्हती, गिऱ्हाईक सांगेल ते होई.

स्वातंत्र्यानंतर याच्या अगदी उलट टोक आलं. गाड्या बनवणारे कारखाने इनमिन तीन: कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्स, मद्रासला स्टँडर्ड आणि आपल्या वालचंद हिराचंदांचा कुर्ल्याचा प्रीमियर. वालचंद मूळचे सोलापूरकर, म्हणून हा कारखाना आम्हाला घरचाच वाटायचा. पैसे भरून वर्षानुवर्षं नंबरची वाट बघायची, तिथे पर्याय कसले विचारता! पण कुर्ल्याच्या फियाटकडे (1974 पासून तिचं नाव पद्मिनी झालं) एक गुण होता. पुढची सीट सलग बाकासारखी आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे पुढे तिघं बसायची. लग्नाच्या वऱ्हाडात एका फियाटमध्ये किती माणसं मावतात हे मी इथे लिहिलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. या गाडीला 'लक्झरी' कुणी म्हटलं नसतं, पण डॉक्टर, वकील, कारखान्याचे संचालक यांची ती पालखीच होती. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली.

1984-85 साली सरकारने दार थोडं किलकिलं केलं आणि ऐषारामी म्हणाव्यात अशा गाड्या आल्या. हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा, प्रीमियरची 118 एनई आणि स्टँडर्ड 2000. या तिसरीची कथा मी वर्गात सांगायला हवी होती असं आता वाटतं. तिचं शरीर होतं इंग्लंडच्या रोव्हरचं, तेही असं, की 1977 साली युरोपातली सर्वोत्तम गाडी म्हणून गौरवलेलं. आत बसवलं मात्र कंपनीकडे पडून असलेलं व्हॅनगार्डच्या जमान्यातलं जुनं इंजिन. आपले रस्ते बघून गाडी उंचही केली. झालं काय, तर बाहेरून साहेब आणि आतून म्हातारा बैल! चढाला दम लागे, पेट्रोल मात्र साहेबी थाटात पिई. तीनेक वर्षांत गाडी संपली आणि तिच्यामागोमाग कंपनीही. कॉन्टेसाची सुरुवातही अशीच, अँबेसेडरच्या इंजिनावर झाली; पुढे इसुझूचं इंजिन बसल्यावर ती सुधारली. रुंद मागची सीट आणि प्रशस्त डिकी यांवर ती 2002 पर्यंत टिकली.

1995 मध्ये पुण्याजवळ पिंपरीत, टेल्कोच्या आवारात, मर्सिडीज बनू लागली. आपल्या महाराष्ट्रात मर्सिडीज! पण कंपनीने आणलं ते इ-क्लासचं जुनं मॉडेल, आणि त्याच वर्षी युरोपात नवं बाजारात आलं. वीस लाखांच्या वर मोजणारा गिऱ्हाईक पेपर वाचतो, एवढं त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला. पुढे मात्र ते आपल्याला नीट ओळखायला शिकले. 2017 मध्ये त्यांनी भारतासाठी लांब केलेली इ-क्लास आणली, मागच्या माणसाला पाय पसरता यावेत म्हणून. जर्मन माणूस बहुधा स्वतः गाडी चालवतो, आपल्याकडे अशी गाडी घेणारा मागे बसतो. म्हणजे फिरून मेणाच की!

आमच्या भागाला सोयीची वाटलेली गाडी माझ्या मते वेगळीच होती. औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना निघाला आणि 2001 च्या अखेरीस ऑक्टाव्हिया आली. दिसायला सेडान, पण मागच्या काचेसकट अख्खं झाकण वर उचललं जाई. डिकी 528 लिटरची. द्राक्षाच्या चार किलोच्या पेट्या किती बसतात हे बघायला बागायतदाराला पुस्तक लागत नव्हतं. शिवाय इंजिन डिझेलचं. मागे बसणाऱ्याला गुडघे आखडून बसावं लागे, ही तिची उणीव. त्याच औरंगाबादेत 2010 च्या ऑक्टोबरात उद्योजक मंडळींनी एकत्र येऊन एका फटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या, सुमारे 65 कोटींच्या. देशभर बातमी झाली. एका गावाने ठरवून पालखीचा मान स्वतःच स्वतःला दिला, असं मी तेव्हा म्हटलं होतं.

आता मला जे खुपतं ते सांगतो. नव्वदीनंतर एकाच गाडीचे तीन-चार प्रकार विकायची पद्धत आली, एलएक्स, व्हीएक्स वगैरे. साधीत कमी, वरच्यात जास्त. हे ठीक. पण एअरबॅग आणि एबीएस हेही कातडी सीट आणि चकचकीत चाकांच्या रांगेत, सगळ्यात महागड्या प्रकारात नेऊन बसवले. जीव वाचवणारी वस्तू आणि शोभेची वस्तू एकाच यादीत! कमरेच्याच नव्हे तर खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्याची रचना व्होल्वोच्या निल्स बोलिनने 1959 मध्ये केली, आणि कंपनीने ती इतरांनाही वापरू दिली. आपल्याकडे पुढच्या सीटचा पट्टा सक्तीने बसवायला 1994 उजाडलं, मागचा 2002 मध्ये. चालकापुढची एअरबॅग प्रत्येक नव्या गाडीत सक्तीची झाली 2019 साली, शेजारच्याची त्यानंतर. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. गाडी मर्सिडीज, सुरक्षेत नावाजलेली. मागे बसलेल्यांनी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. मेण्यात बसणाऱ्याला पट्टा कशाला, ही समजूत आपल्या हाडीमांसी मुरली आहे.

गेल्या हंगामानंतर माझा एक जुना विद्यार्थी आला, सावळजकडचा बागायतदार. 2019 च्या अवकाळीत बाग गेलेली, त्यातून कर्ज फेडत वर आलेला. "सर, मोठी गाडी घ्यायचं चाललंय. पोरगं म्हनतंय सनरूफ पायजेच. तुमी काय म्हनता?"

मी विचारलं, "मागं कोण बसणार?"

"आई. गुडघं गेल्यात तिचं."

मग आम्ही कागद घेऊन बसलो. आमच्या उन्हात काचेचं छप्पर वर्षातून किती दिवस उघडणार? स्पीडब्रेकरला पोट घासतं का? डिकीतली स्टेपनी अर्धी जागा खाते का, की स्टेपनीच नाही? विट्याच्या रस्त्याला रात्री टायर बसला तर काय? अशा गाडीचं कंपनीचं सर्व्हिस सेंटर तासगावात नाही, मग दर सर्व्हिसिंगला दिवस मोडणार तो कुणाचा? म्हणजे भोयांचा हिशेब. सनरूफचे जेवढे जास्त लागतात तेवढ्यात मागच्या बाजूच्या एअरबॅगा येतात का, हेही विचारायला सांगितलं. आणि म्हटलं, शोरूमला जाताना आईला ने. खाली वाकून बसावं लागणारी गाडी असेल तर ती पाच कोटींची असली तरी तिच्या कामाची नाही.

त्याने नेलं. तिसऱ्या गाडीत म्हातारी एका दमात बसली आणि कुणाचा हात न धरता उतरली. पोरगा अजून सनरूफवर अडून आहे. पट्टा लावल्यावर पदर कुठे घ्यायचा, एवढाच तिचा प्रश्न होता. तो त्या विकणाऱ्या मुलाला सुटला नाही, शेजारी उभ्या असलेल्या एका बाईने सोडवून दिला.