पड जमिनीचा हिशेब

आता हेदवीचंच उदाहरण घेऊ. दशभुजा गणपतीचं गाव म्हणून आपण ते ओळखतो. पण इथं काय किंवा कोकणात इतरत्र काय, एक गोष्ट आपण नेहमी पाहतो. मालक मुंबईला, घराला कुलूप, शेत पड. शेजारी कसायला तयार असतो, तरी मालक फुकटसुद्धा देत नाही. आपण म्हणतो, माणूस हेकट. पण त्यामागे चोख हिशेब आहे.

१९४८ साली कुळकायदा आला, १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी बहुतेक कुळं कसत्या जमिनीची मालक मानली गेली. पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्यांना न्याय मिळाला. मालकांनी मात्र एवढंच ध्यानात ठेवलं, की दुसऱ्यानं कसली तर जमीन जाते. एका पारड्यात वर्षाचं थोडं भात, दुसऱ्यात अख्खी जमीन. मुंबईचा पगार असताना हा धोका कोण पत्करेल?

तोच मालक हापूसची कलमं मोसमापुरती बिनघोर कराराने देतो. कारण तिथं तो फक्त फळ विकतो.

म्हणजे बघा, ज्या कायद्यानं कालच्या कुळाला जमीन दिली, त्याच्याच धास्तीनं आजच्या भूमिहीनाला ती खंडानंही मिळत नाही.