तांब्याच्या दोन जोड्या : इंदूरच्या घरांत ब्रॉडबँड कसं आलं

सियागंजात, जेल रोडवर किंवा मल्हारगंजात एखाद्या जुन्या दुकानाची पाटी नीट बघा. वर दुकानाचं नाव, मध्ये मालाची यादी, खाली फोन नंबर. नंबर सहा आकडी असेल तर पाटी मागच्या शतकातली किंवा त्याला लागूनची. सात आकडी असून २ ने सुरू होत असेल तर त्यानंतरची, आणि फोन सरकारी. तोच नंबर ४ ने सुरू होत असेल तर फोन भारतीचा, म्हणजे आजच्या एअरटेलचा. २००३ च्या राष्ट्रीय क्रमांक योजनेत लँडलाइनचा पहिला आकडा कंपनीप्रमाणे वाटला गेला, त्याची ही खूण. ०७३१ हा कोड मात्र दोघांना एकच.

या २ आणि ४ मागे जमिनीखालची एक गोष्ट आहे. आपल्या शहरात टेलिफोनच्या तांब्याच्या तारा दोनदा टाकल्या गेल्या, दोन वेगळ्या मालकांनी. पुढे घरोघरी ब्रॉडबँड आलं ते याच तारांवरून. ब्रॉडबँड २००५ मध्ये आलं असं आपण सहज म्हणतो. पण ते कोणाच्या घरी आधी येणार, किती वेगाने येणार आणि कोणाकडून घ्यावं लागणार, हे सगळं त्याआधी तारा टाकतानाच ठरून गेलं होतं. या लेखात तेच मांडायचं आहे.

पहिली तार

नव्वदच्या दशकापर्यंत फोन म्हणजे दूरसंचार खातं. १९९१ मध्ये देशाची लोकसंख्या ८४ कोटींच्या वर होती आणि फोन होते सुमारे ५० लाख. अर्ज करायचा, जमलं तर ‘ओवायटी’ योजनेत जास्तीची अनामत भरून वरची रांग धरायची आणि वाट बघायची. फोन लागला की आळीत पेढे वाटले जायचे आणि शेजारच्या चार घरांचे निरोप त्याच फोनवर यायचे.

त्या फोनची तार घरापर्यंत कशी येते ते समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं होतं. एक्सचेंजमध्ये एमडीएफ नावाची लोखंडी मांडणी असते. शहरातली प्रत्येक जोडी तिथे येऊन टेकते. तिथून शेकडो जोड्यांची जाड केबल जमिनीखालून निघते ती रस्त्याकडेच्या पिलरपर्यंत. पिलर म्हणजे तो कमरेएवढा लोखंडी डबा, ज्यावर अजूनही पोस्टरं चिकटवलेली दिसतात. पिलरमधून लहान केबल डीपीपर्यंत जाते, आणि डीपीवरून दोन तारांची ड्रॉप वायर आपल्या भिंतीवरच्या रोझेटपर्यंत येते. म्हणजे एक्सचेंजपासून घरापर्यंत प्रत्येक ग्राहकाची स्वतःची, अखंड, तांब्याची एक जोडी. विजेची तार किंवा नळ सगळ्या गल्लीचा सामाईक असतो. फोनची जोडी मात्र एकट्याची. हे लक्षात ठेवा.

जुन्या केबलमध्ये तारांवर कागदाचं वेष्टण असे आणि बाहेरून शिशाचं आवरण. पाणी शिरलं की कागद भिजे आणि पावसाळ्यात मोहल्लेच्या मोहल्ले मुके होत. नंतर प्लास्टिकच्या वेष्टणाची, जेली भरलेली केबल आली. पाण्याला अडवणारी ही केबल आणि डिजिटल एक्सचेंज, या दोन गोष्टींमुळे नव्वदच्या दशकात फोन झपाट्याने वाढले. शहरही विजयनगर, सुदामानगरकडे पसरत गेलं, आणि तांबं त्याच्या मागोमाग.

दुसरी तार

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने लँडलाइनचं क्षेत्र खाजगी कंपन्यांना उघडलं. प्रत्येक सर्कलमध्ये सरकारी खात्यासमोर एक खाजगी कंपनी, अशी मांडणी होती. मध्य प्रदेश सर्कल भारती टेलिनेटकडे गेलं. ४ जून १९९८ रोजी कंपनीने सेवा सुरू केली ती इंदुरात. देशातली ही पहिली खाजगी लँडलाइन सेवा. मुंबईत नाही, दिल्लीत नाही. सरकारी खात्याची मक्तेदारी प्रत्यक्षात मोडली ती आपल्या गावात. आपल्या गावाबद्दल आपण कपडा मार्केट, पोहे-जिलबी आणि क्रिकेट सांगतो. ही गोष्ट फारशी सांगत नाही.

भोपाळ राजधानी असून सुरुवात इंदुरातून का, याचं माझ्या मते उत्तर सरळ आहे. फोनचं बिल जास्त येतं ते व्यापाऱ्याचं. कापूस, सोयाबीन, कापड, किराणा, सराफी : दिवसभर भाव विचारणारं शहर हे. नव्या कंपनीला आधी असाच ग्राहक हवा असतो. त्यामुळे दुसरी तार सगळीकडे सारखी गेली नाही. बाजार, कार्यालयं, नव्या वसाहती आधी. उरलेलं नंतर किंवा कधीच नाही. ही सेवा पुढे ‘टचटेल’ या नावाने चालली आणि नंतर एअरटेल या एका नावात विरघळली. १ ऑक्टोबर २००० ला सरकारी बाजूलाही नाव बदललं : दूरसंचार खात्याच्या सेवा बीएसएनएल झाल्या.

तारेत जागा होती

इंटरनेट देशात सामान्य माणसासाठी १५ ऑगस्ट १९९५ ला खुलं झालं, विदेश संचार निगमकडून, मोठ्या महानगरांत. आपल्याकडे बहुतेकांना ते भेटलं मोडेमच्या किरकिरीतून. संचारनेटचं खातं, नंबर फिरवणारा कॉम्प्युटर आणि तोपर्यंत घरचा फोन बंद. ‘नेट काट, फोन करायचाय’ हे वाक्य त्या काळचंच.

मोडेमचा वेग ५६ केबीपीएसवर अडकला. पुष्कळांना वाटायचं की तांब्याची तार एवढंच झेपवू शकते. खरं म्हणजे अडचण तारेत नव्हती. माणसाच्या बोलण्याला ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढी पट्टी पुरते, म्हणून एक्सचेंज तेवढंच आत घेतं, वरचं गाळून टाकतं आणि उरलेल्याचं ६४ केबीपीएसच्या साच्यात रूपांतर करतं. त्या साच्यातून मोडेमने कितीही धडपड केली तरी निघणार किती?

डीएसएलने हा साचाच वगळला. तीच तार, पण आवाजाच्या वरची मोकळी पट्टी वापरायची : साधारण २५ किलोहर्ट्झपासून ११०० किलोहर्ट्झपर्यंत. घरात एक स्प्लिटर लावायचा, जो आवाज फोनकडे आणि वरचा भाग मोडेमकडे पाठवतो. एक्सचेंजमध्येही तसंच, फक्त तिथे डेटा डीएसलॅम नावाच्या यंत्रात जातो. मोकळ्या पट्टीचे २५० च्या आसपास बारीक कप्पे करून, ज्या कप्प्यात खरखर कमी त्यात जास्त माहिती भरायची. या पद्धतीवर अमेरिकेत स्टॅनफर्डच्या जॉन सिऑफींनी मोठं काम केलं, आणि घराकडे येणारा वेग जास्त, घरातून जाणारा कमी, ही विषम वाटणी बेलकोरच्या जोसेफ लेचलायडर यांनी सुचवली. फोन आणि नेट एकाच वेळी चालू लागले ते यामुळे.

पण तार जितकी लांब तितकी वरची पट्टी विरत जाते. एक्सचेंजपासून किलोमीटरभरावर जोरात चालणारं नेट चार-पाच किलोमीटरवर रखडतं. जॉइंट गंजलेला असेल तर बोलणं थोडं खरखरत का होईना चालतं, डीएसएल मात्र सारखं तुटतं. म्हणजे वीस वर्षांपूर्वी कुठल्याशा लाइनमनने खड्ड्यात बसून जॉइंट नीट बांधला होता की नाही, याचा हिशेब २००५ नंतर घरोघरी लागला. त्यातल्या चांगल्या कामाचं श्रेय कुणाच्या नावावर जमा झालं नाही.

तार कोणाची?

२००४ मध्ये देशात सरकारी कंपन्यांकडे ४ कोटींच्या आसपास तांब्याच्या जोड्या होत्या. त्या वर्षी एप्रिलमध्ये ट्रायने शिफारस केली की या जोड्या भाड्याने इतर कंपन्यांनाही वापरू द्याव्यात. युरोपात हे सुरू झालं होतं. फ्रान्समध्ये ‘फ्री’ नावाच्या कंपनीने २००२ मध्ये महिना २९.९९ युरोत ब्रॉडबँड देऊन जुन्या सरकारी कंपनीला घाम फोडला होता, तोही बऱ्याच अंशी तिच्याच तारांवरून.

१४ ऑक्टोबर २००४ ला ब्रॉडबँड धोरण जाहीर झालं. त्यात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस आणि सतत चालू, अशी व्याख्या होती. तारा वाटून घेण्याची सक्ती मात्र नव्हती. आपापसांत करार करा, एवढंच. सरकारी बाजूचं म्हणणंही अगदी पोकळ नव्हतं. तार जनतेच्या पैशाची, खेड्यापाड्यांत तोट्याने फोन चालवायची जबाबदारी त्याच कंपनीवर, लाखोंचा पगार तिच्यावर. मग नफ्याच्या शहरी जोड्या दुसऱ्याला का द्यायच्या? पण परिणाम असा झाला की घरात जी तार, तिचा मालक हाच तुमचा दुकानदार.

इथे इंदूर वेगळं ठरतं. ज्या भागात दोन्ही तारा होत्या तिथे ग्राहकाला निवड होती, कारण रस्ता दोनदा खणला गेला होता. जिथे एकच होती तिथे निवड नव्हती. आणि जिथे एकही नव्हती, त्या वस्त्यांना सायबर कॅफे. युरोपने कायद्याने जे केलं ते आपल्या शहराच्या काही भागांत कुदळीने झालं, आणि म्हणूनच काही भागांतच झालं.

देशाचे आकडे काय सांगतात? २००५ अखेर ३० लाख जोडण्यांचं उद्दिष्ट होतं, झाल्या १० लाखांच्या आत. २०१० साठी २ कोटी ठरले होते, झाल्या सुमारे १ कोटी १० लाख. निव्वळ तांबं कमी म्हणून हे झालं नाही. तांबं होतं, ते वापरायची मुभा एकेकाच हातात होती.

रात्री दोन ते सकाळी आठ

जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने ‘डेटावन’ सुरू केलं, आधी मोठ्या शहरांत, मग इतरत्र. भारतीनेही आपल्या तांब्यावरून डीएसएल दिलं. डेटावनची ५०० रुपयांची योजना अनेकांच्या लक्षात असेल : महिन्याला १ जीबी, आणि रात्री दोन ते सकाळी आठ मोफत. २५६ केबीपीएसने त्या सहा तासांत पुरते ६९० एमबी उतरतात, म्हणजे जेमतेम एक सीडी. रात्री अकरानंतर पाव दरात एसटीडी लावायची सवय असलेल्या पिढीला हे नवीन नव्हतं. सराफ्यातून खाऊन दोन वाजता घरी यायचं आणि डाउनलोड लावून झोपायचं, हे गणित इंदूरकराला छान जमत होतं.

१ जानेवारी २००७ पासून त्याच पैशांत वेग २ एमबीपीएसपर्यंत वाढला. पण १ जीबीची मर्यादा असलेल्याला त्या वेगाने सलग उतरवलं तर महिन्याचा कोटा तास-सव्वा तासात संपणार होता. गाडीला मोठं इंजिन आलं, टाकी तेवढीच राहिली.

तरी रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगरच्या मराठी घरांत या तारेने एक मोठं काम केलं. मुलं पुण्याला, तिथून परदेशात गेलेली. आयएसडीवर मिनिटं मोजत ‘तब्येत कशी, ठेवते’ एवढंच बोलणाऱ्या आयांना रविवारी सकाळी अर्धा तास मुलाचा चेहरा दिसू लागला.

आता तांबं निघतंय

आज त्याच रस्त्यांत फायबर आहे आणि जुनं तांबं भंगाराच्या भावाने मोजलं जातं. २०२० च्या जानेवारीअखेर बीएसएनएलमधून ७८ हजारांवर लोक स्वेच्छानिवृत्तीने एकदम बाहेर पडले. कोणती केबल कुठून जाते, कुठल्या पिलरमधली कोणती जोडी कुणाची, हे पुष्कळदा नकाशापेक्षा त्यांच्या डोक्यात होतं.

म्हणून मंडळाच्या वाचकांना विनंती. वाडे आणि छत्र्यांची नोंद आपण करतो, तशीच याचीही करू या. जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या, १९९८ नंतरची दोन्ही कंपन्यांची बिलं, डीएसएलच्या जोडणीचे अर्ज, पाट्यांचे आणि पिलरचे जागेसकट फोटो जपून ठेवा. आणि घराजवळ कोणी निवृत्त लाइनमन असतील तर त्यांच्याकडे वही घेऊन बसा. दुसरी तार कोणत्या गल्लीपर्यंत गेली आणि कुठे थांबली, याचा नकाशा यातूनच तयार होईल. फायबर टाकतानाही कंपन्या कोणत्या गल्ल्या आधी धरतात, ते त्या नकाशावर ठेवून बघता येईल.