तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे

आमच्या वऱ्हाडात भातकुली हे आदिनाथांचे प्रसिद्ध जैन क्षेत्र आहे. तेथे गेलेला यात्रेकरू दर्शन घेऊन आपल्याच घरी परततो. परंतु ज्याची यात्रा त्यास घराबाहेर नेते, त्याचे काय? रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चरित्र वाचताना हा प्रश्न आम्हांपुढे उभा राहतो.

१८९३ साली आगगाडीत एका परदेशी सहप्रवाशाने टिळकांस ‘नवा करार’ दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगले. लक्ष्मीबाईंनी विरहाची वर्षे कशी कंठली, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांस ठाऊकच आहे. ज्या ज्ञानासाठी स्वजनांस रडविले, ते टिकाऊ होते काय?

आम्हांस वाटते, त्याची कसोटी पुढील चोवीस वर्षांत लागली. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे टिळक मानीत. म्हणून अभंग व कीर्तन त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणले. १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ आरंभिला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांसही स्थान होते. १९१९ साली ते निवर्तले.

लक्ष्मीबाई १९०० सालीच स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या होत्या. पतीचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुढे त्यांनीच पुरे केले. ज्या श्रद्धेने घर मोडले, तिचेच काव्य त्या घरच्या गृहिणीने पूर्ण करावे, याहून तिच्या चिरस्थायित्वाची दुसरी साक्ष कोणती?