खांबाची पकड, बारची पकड

1818 साली पेशवाई बुडाली आणि दुसरा बाजीराव कानपूरजवळच्या बिठूरला जाऊन राहिला. त्याच्या आश्रितांबरोबर पुण्याचा मल्लखांबही गंगाकाठी पोचला. त्याच सुमारास जर्मनीत फ्रीडरिश लुडविग यान अटकेत पडला. 1811 मध्ये बर्लिनच्या हाझनहायडे मैदानात पोरांना उघड्यावर कसरत शिकवायला सुरुवात करणारा, आडवा बार रूढ करणारा हाच तो मास्तर. बाजीराव आणि यान यांच्या जन्मात सुमारे साडेतीन वर्षांचं अंतर. एका परंपरेनं उभा खांब धरला, दुसरीनं आडवा दांडा. आणि धरायचं कसं, याची दोन्हीकडची उत्तरं पार निराळी निघाली.

बारवर सगळी मदार बोटांवर. स्पर्धेतला बार 28 मिलिमीटर जाडीचा, मूठ त्याच्याभोवती पुरती मिटते. मग प्रश्न उरतो तळव्याचा. तळवे पुढं करून लटकलं की पाठीचे रुंद स्नायू राबतात आणि दंडाला फारसा जोर लावता येत नाही. तळवे स्वतःकडे वळवले की दंडाची बेटकुळी मदतीला येते, म्हणून नवख्याला हा प्रकार सोपा जातो. एक हात असा आणि एक तसा, ही मिश्र पकडही जर्मन कसरतपटूंना पूर्वीपासून ठाऊक आहे. आज जिममधली पोरं पहिल्याला पुलअप आणि दुसऱ्याला चिनअप म्हणतात. सैन्यभरतीच्या मैदानावर मात्र पुलअपचं नाव ‘बीम’, आणि 10 बीमना 40 गुण!

मल्लखांबाकडे आलं की हे गणितच बदलतं. खांब सागवानी किंवा शिसवी. बुंध्याशी घेर सुमारे 55 सेंटिमीटर, वर निमुळता होत जाणारा, मग बारीक मान आणि टोकाला बोंड. मानेवर मूठ बसते, अंगावर बसत नाही. वरून एरंडेल चोपडलेलं. त्यानं कातडी सोलवटत नाही. पण खांब घामेजलेल्या पैलवानासारखा निसटता होतो, आणि कुस्तीगिराला तेच हवं असतं. बोटांचं काम मग मांड्या, पोटऱ्या आणि काखा करतात. अढीत हातांनी खांब धरून पाय डोक्यावरून वर न्यायचे आणि पायांनीच खांब आवळायचा. बगलीत तो काखेत दाबायचा. बारवर अंग वर ओढायचं असतं. इथं मुख्य काम आवळण्याचं.

मल्लस्तंभाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या सोमेश्वराच्या ग्रंथात आहे. आजच्या मल्लखांबाचं श्रेय मात्र बाजीरावाच्या दरबारातल्या बाळंभटदादा देवधरांना देतात. निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या मल्लांना आव्हान देण्याआधी दादा वणीच्या सप्तशृंगीवर गेले आणि तिथं मारुतीनं त्यांना ही विद्या दिली, अशी आख्यायिका आहे. दृष्टांताचं ज्यानं त्यानं ठरवावं. कुस्तीच्या डावांसाठी खांबावर तयारी, हा भाग मात्र पटण्यासारखा आहे.

जाड खांबावरून ही विद्या मग बारीक वेतावर उतरली. चांगला वेत दुर्मीळ झाला तशी त्याची जागा सुती दोरीनं घेतली आणि पकड पुन्हा बदलली. दोरी पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमट्यात धरायची. सगळं वजन त्या एवढ्याशा बेचक्यावर. गाठ मारायला मनाई. दोरी अंगाभोवती फिरवून, तिचेच वेढे एकमेकांवर दाबून आसन पेलायचं. सुरुवातीला तिथली कातडी चांगलीच हुळहुळते. बारवाल्याच्या तळहाताला घट्टे पडतात, दोरीवाल्याच्या पायाच्या बोटांत.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक 1936 च्या ऑलिंपिकच्या वेळी भारतीय कसरतींची प्रात्यक्षिकं घेऊन गेलं, ते यानच्याच बर्लिनला. 1981 मध्ये मल्लखांबाचा स्वतंत्र राष्ट्रीय महासंघ झाला, 2019 मध्ये दादरच्या शिवाजी पार्कवर जागतिक स्पर्धा झाली. स्पर्धांमध्ये आता पुरलेला, टांगता आणि दोरीचा असे तीन प्रकार असतात. त्यातला टांगता खांब आखूड, साखळीला लटकलेला आणि गरगर फिरणारा. त्यावर अढी घालायची तर आधी ती गिरकी सांभाळावी लागते.