आत्याची भिंत

परवा नाशकात आत्याकडे गेलो होतो. वाडा आता अर्धाच उभा आहे, हे घरच्या मंडळींना ठाऊक आहेच. माजघराच्या भिंतीला सहज हात लावला, तर प्लास्टरचा हा एवढा पोपडा हातात आला. आत्या म्हणाली, "ह्यांनी एवढं चांगलं सिमेंट लावून घेतलं होतं, तरी ओल येतेच बघ."

खरं तर सिमेंट लावलं म्हणूनच ओल राहते. जुनी भिंत खाली दगडाची, वर मातीविटांची. जमिनीतलं पाणी तीत चढतंच. चुन्याच्या गिलाव्यातून ते वाळून जायचं. सिमेंटनं वाट बंद केली की पाणी आतच मुरतं आणि शेवटी सागवानी तुळयांची टोकं कुजवतं.

मनात आलं, सगळं जुनं नाशिक ज्या चुन्यावर उभं राहिलं, तो घरातून कधी गेला?

नारोशंकराचं मंदिर १७४७ चं, सुंदरनारायण १७५६ चं. काळारामाचं आजचं मंदिर सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलं. त्यावर दोन हजार माणसं बारा वर्षं राबली, असं सांगतात. सरदारांची नावं राहिली, पाथरवट-गवंड्यांची नाहीत. पण हिशेब करून पाहा. नारोशंकराच्या वेळी चुन्याच्या घाणीचे बैल हाकणारा पोऱ्या काळारामाच्या कामावर म्हातारा मिस्त्री म्हणून उभा असू शकतो! शाळा नव्हती, पण काम सलग होतं. त्यातून विद्या पुढे जायची.

१८१८ ला पेशवाई गेली, तो आश्रय संपला. पुढे सिमेंट आलं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठली. मिळणाऱ्या भाड्यात डागडुजी परवडेना, म्हणून मालक हात लावेनात आणि भाडेकरू म्हणत, घर कुठं आमचं आहे? दर पावसाळ्यात वाड्यांना नोटिसा लागतात, एखादा पडतो, आणि त्याबरोबर कुणाची तरी रोजीही जाते.

अलीकडे पुरातत्त्व विभागानं सुंदरनारायणाचे झिजलेले दगड बदलायला घेतले, हे चांगलंच झालं. पण मोठी देवळं रोज दुरुस्तीला निघत नाहीत. गवंड्याची चूल पेटते ती घरोघरच्या लहान कामांवर.

बरीच विचारपूस केल्यावर चुन्याचं काम येणारे एक बाबा सापडले. मुलगा अंबडला कारखान्यात. चुना भिजवून मुरवायचा, वाळू घालून मळायचा, गुळाचं पाणी, बेलफळाचा गर... हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं. "मुरला हे कसं ओळखायचं?" असं विचारल्यावर त्यांनी थापीवर थोडा घेऊन माझ्यापुढे धरला. "हे बघा, असा." मला काही कळलं नाही. वहीत ती ओळ अजून कोरीच आहे.

खर्च जास्त, वेळही जास्त. भावंडांत थोडी कुरबूर झाली, तरी एक भिंत चुन्यात करायचं ठरलंय. बाबांना अट एकच घातली, हाताखाली एक तरुण पोरगा हवा. ते हसले, "रोज द्याल तर आणतो की!"

एका भिंतीनं काय होणार, असं दादा म्हणतो. त्याचंही खरं आहे. पण तुमच्याही गावी जुनं घर असेल, भिंत ओली असेल, तर सिमेंटचं पोतं आणण्याआधी जवळपास असे कुणी बाबा आहेत का, एवढं विचारून पाहा.