कॅमेरा कामगारांच्या हाती

कामगारांवरचा चित्रपट आणि कामगारांचा चित्रपट यांतले अंतर फ्रान्समधल्या बझांसाँ शहराने दाखवले. तिथल्या रोदियासेता या कृत्रिम धाग्याच्या कारखान्यात 1967 मध्ये संप झाला. क्रिस मार्कर आणि मारियो मारे यांनी त्यावर माहितीपट केला. एप्रिल 1968 मध्ये तो कामगारांनी पाहिला आणि त्याची चिरफाड केली: संघटनेचे चिकाटीचे काम कुठे आहे? बायका केवळ कोणाच्या तरी पत्नी म्हणूनच का? मग कामगार स्वतःच चित्रीकरण शिकले. रेल्वेगाडीतून फिरता स्टुडिओ चालवणारा सोव्हिएत दिग्दर्शक मेदव्हेदकिन, त्याचेच नाव त्यांच्या गटाने घेतले. 1969 च्या त्यांच्या चित्रपटाच्या केंद्रस्थानी होती घड्याळ कारखान्यातली संघटक सुझान झेदे. टीकेला याहून चोख उत्तर कोणते?

यावर आक्षेप असा की तंत्र आणि साधने पॅरिसच्या व्यावसायिकांकडूनच आली. खरे आहे, पण काय दाखवायचे, हा प्रश्न कामगारांनी उचलला, आणि माझ्या मते श्रेय तिथेच ठरते. दुबळेपणा वेगळाच होता: कारखान्याची पाळी सांभाळून चित्रपट किती काळ करणार? सोशोच्या प्युजो कारखान्यावरचा, मेदव्हेदकिन नावाखालचा 1974 चा शेवटचा चित्रपट पुन्हा ब्रुनो म्युएल या व्यावसायिकाच्याच नावावर आहे.